आधी झोपेचे तास बाजूला काढा

पालकहो, दहावी-बारावीतल्या मुलांना आपण उठता-बसता सांगतो, "वेळेचं नियोजन कर." उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या मुलाला हे सांगण्याआधी त्याचा दिवस एकदा कागदावर मांडा.

जानेवारी २०२४ मध्ये खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकल धावू लागली आणि नेरूळ-बेलापूरची कॉलेजं आणि क्लास मुलांना जवळ आले. बंदराच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण एक गाडी चुकली की पुढचीसाठी फलाटावर ताटकळावं लागतं. आता अकरावीतल्या मुलाचा हिशेब करू. कॉलेज ६ तास, जाण्यायेण्यात अडीच, क्लास ३, आंघोळ-जेवण आणि बारीकसारीक कामं २, झोप साडेआठ. झाले २२. उरलेल्या दोन तासांत स्वतःचा अभ्यास, खेळ, मित्र आणि मोबाइल. भिंतीवरच्या वेळापत्रकात मात्र 'सेल्फ स्टडी ४ तास'. ते कुठून आणायचे? मुलं ते झोपेतूनच काढतात, आणि आपण त्याला मेहनत म्हणतो.

१३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. वयात येताना झोप आणणारं संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागतं. त्यामुळे साडेनऊला दिवा मालवला तरी मुलाचा डोळा लागत नाही आणि सकाळी त्याला उठवत नाही. हा आळस नव्हे, कृपा करून त्यावरून त्याला बोलू नका. सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, पण मोठ्या मुलांना ती सवलत नाही. म्हणजे त्यांची झोप घरानेच सांभाळायची.

माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक घरांत एक क्लास जास्तीचा असतो. शेजारच्याने लावला म्हणून आपणही लावलेला. तो बंद करायला हिंमत लागते, पण त्यातून वाचलेला वेळ दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

मुलांनो, उरण सुटलं की पहिलंच स्टेशन आपलं, त्यामुळे सकाळी बहुधा बसायला जागा मिळते. वही न उघडता काल शिकवलेलं आठवून पाहा, अडेल तिथे खूण करा. परतीच्या गाडीत डोळे मिटून बसलात तरी चालेल, तोही वेळ सत्कारणीच लागतो. संध्याकाळचं मैदान मात्र सोडू नका. आणि रात्री मोबाइल उशाशी नको, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. हा नियम आईबाबांनाही लागू, नाहीतर तो दोन दिवसही टिकणार नाही.

या रविवारी तासभर काढा. मुलाला शेजारी बसवा, पेन त्याच्या हातात द्या आणि गेल्या आठवड्याचे तास त्यालाच लिहू द्या. काय कमी करायचं हे आधी त्याला विचारा.