पिसायचं कोणी?

मंडळी, आजचा लेख भांडणाचा आहे. अकोल्याची मंडळी तो वाचणार हे ठाऊक असूनच लिहितो आहे, तेव्हा पाठीमागे बोललो असा ठपका कोणी ठेवू नये.

झालं असं. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही दोघं अमरावतीहून अकोल्याला, जठारपेठेत साडूंकडे गेलो होतो. जेवणं आटोपली, सतरंजीवर चादर पसरली, मेंढीकोटाचे चार गडी बसले आणि मी पत्त्यांचा कॅट हातात घेणार, तोच साडूंच्या नातवाने मधोमध एक डबा आणून ठेवला. पत्ते पिसायचं यंत्र! डबा विकतचा, पण त्याची बदलायची तोंडं या पठ्ठ्याने स्वतः, पुण्याला इंजिनिअरिंग शिकता शिकता, थ्रीडी प्रिंटरवर करून आणलेली. वरच्या खाचेत गठ्ठा ठेवायचा. रबरी चाक एकेक पान ओढतं आणि आतल्या चक्राच्या कुठल्यातरी कप्प्यात सारतं. सगळी बावन्न पानं आत गेली की बाहेर यायला लागतात. साधं तोंड लावलं तर पिसलेला गठ्ठा मिळतो. चार कप्प्यांचं लावलं तर चौघांची तेरा-तेरा पानं वाटूनच मिळतात. रमीसाठी सहा कप्प्यांचं वेगळं, त्यात उरलेल्या पानांना मागे जागा.

"हा त आपला सोऱ्याच होय!" मेहुणी म्हणाली. बरोबरच आहे. सोऱ्या एकच, चकती बदलली की कधी शेव, कधी चकली.

मी म्हणालो, "छान आहे. आता उचल आणि कपाटावर ठेव."

इथून भांडण. दुसऱ्या दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'नानाआजोबांना फ्रिज नको, रांजणच हवा' असं आलं. त्यावर अठरा जणांचे हसरे चेहरे. मला त्याचं काही नाही. चाळीस वर्षं मास्तरकी केली आहे, पोरं फळ्याकडे तोंड फिरवल्यावर याहून वाईट बोलायची. पण प्रश्न रांजणाचा नाहीच.

आधी त्या पोराची बाजू सांगतो, कारण ती कच्ची नाही. त्याने मला हरवायला म्हणून एक शोधनिबंधच पाठवला. गणित माझा प्रांत नव्हे, पण दोन दुपारी घालवून वाचला. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या दोन गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिलं की गठ्ठ्याचे दोन भाग करून, कोपरे उचलून, फर्रकन एकमेकांत गुंतवायची जी पद्धत आहे ती सात वेळा केली की बावन्न पानं पुरेशी मिसळतात. यातले डायकोनिस तर तरुणपणी जादूगार होते. आपण मात्र तसे पिसत नाही. आपण गठ्ठा डाव्या हातात धरून उजव्याने चिमूट-चिमूट पानं काढून पुढे टाकतो. या आपल्या पद्धतीने तेवढंच मिसळायचं तर हजारोंच्या घरात वेळा पिसावं लागेल म्हणतात. आपण पिसतो पाच-सहा वेळा, आणि वर "लई झालं, वाट आता" असं ऐकून घेतो. म्हणजे जन्मभर आपण पत्ते पिसले नाहीत, नुसते हलवले. हे मी मान्य करतो. बावन्न पानं किती तऱ्हांनी लागू शकतात तर आठावर सदुसष्ट शून्यं, आणि त्यातल्या कोपऱ्यातल्या मूठभरच आपल्या घरात आलेल्या.

पण बाळा, मेंढीकोट हा खेळ याच 'नुसत्या हलवण्यावर' उभा आहे.

मेंढीकोटात पानं कशी वाटतात? आमच्या घरी पाच-चार-चार. आधी प्रत्येकाला पाच-पाच, मग चार-चार, मग चार-चार. आता विचार करा. डाव संपला की हात चार-चार पानांचे पडलेले असतात. एका हातात बहुतेक एकाच रंगाची पानं, कारण रंगाला रंग द्यावाच लागतो. ते हात एकावर एक रचले, पाच-सहा वेळा हलवले, तरी शेजारी बरेचसे शेजारीच राहतात. असा गठ्ठा एकेक पान करून वाटला तर एका हातातली चार बदामं चौघांकडे एकेक जातील आणि सगळ्यांची पानं सपक होतील. तोच पाच-चार-चार वाटला की बदामांचा अख्खा घोस एकाच्या पदरात. कोणाकडे सात बदाम, कोणाकडे एकही नाही. म्हणून तर रंग तुटतो, हुकूम पडतो, दश्शा पळवल्या जातात आणि कोट चढतो. ज्याला मागच्या डावातले हात आठवतात, त्याला पुढच्या डावातही वास लागतो की इस्पिकची दश्शी आणि राणी बरोबर फिरत असणार. आमच्या थोरल्या काकू शाळेत गेल्या नव्हत्या, पण हा वास त्यांना अचूक लागे.

पोरगा म्हणाला, "आजोबा, पाच-चार-चारही करतो ना. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलायची." इथे मला त्याला पकडता आलं. अरे, पानं जर खरोखर पूर्ण मिसळली असतील, तर एकेक वाटा, पाच-चार-चार वाटा, नाहीतर पहिली तेरा उचलून एकालाच द्या, फरक शून्य! तुझंच गणित हे सांगतं. वाटण्याच्या रीतीला अर्थ आहे तो पिसणं अर्धवट असल्यामुळेच. तू चार कप्प्यांचं तोंड बसवलंस आणि वाटण्याची रीत निव्वळ शोभेची करून टाकलीस. रमीत हे चालेल, मेंढीकोटात तू तोंड नाही बदललंस, खेळ बदललास. ब्रिजवाल्यांनाही हे भोवलं आहे. त्यांच्या स्पर्धांत संगणकाने मिसळलेली पानं यायला लागली तेव्हा जुने खेळाडू कुरकुरले की ही पानं फार विचित्र पडतात. ब्रिजमध्ये एकेक पान वाटतात, त्यामुळे तिथे उलट झालं. हाताच्या अर्धवट पिसण्याने सपाट पानांची सवय लागलेली, आणि यंत्राने खरी पानं दिली ती रानटी वाटली. त्यांनी ती नवी तऱ्हा स्वीकारली, कारण त्यांना बक्षिसं द्यायची असतात. आम्हाला चहा व्हायच्या आत दोन कोट चढवायचे असतात.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या लेखी मोठी. पिसणं हे काम नाही, तो करार आहे. हरलेल्या जोडीने पिसायचं, उजवीकडच्या भिडूने कापायचं, मग वाटायचं. मूर्तिजापूरच्या शाळेत असताना मी बडनेऱ्याहून गाडीने जात असे. चौघांच्या गुडघ्यांवर एक टॉवेल ताणायचा आणि डाव मांडायचा. चौथा गडी कधीकधी साफ अनोळखी असे, मूर्तिजापूरला मी उतरलो की माझी पानं आणखी कोणी अनोळखी घेई, तो अकोल्यापर्यंत खेळे. एकमेकांची नावं माहीत नसताना हा खेळ चालायचा तो कशाच्या जोरावर? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकाने पिसलं आणि दुसऱ्याने कापलं, एवढ्याच जोरावर. ज्याने पिसलं त्याच्यावर विश्वास नसेल तर कापायचा हक्क आपल्या हातात. डब्यातून तेरा-तेरा पानं वाटूनच बाहेर आली तर कापायचं काय? कापायचं राहिलंच नाही तर बघायचं काय?

पोरगा म्हणतो यंत्र लबाडी करत नाही. यंत्र नाही करत, पण बंद डब्यात माणसाची लबाडी मजेत मावते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लास व्हेगासला तज्ज्ञांच्या मेळाव्यात काही जणांनी दाखवून दिलं की जुगारघरांतल्या पिसण्याच्या यंत्रात, पानं पूर्ण आहेत का बघायला, आतच कॅमेरा असतो आणि यंत्राच्या खाचेत एक छोटंसं उपकरण खुपसलं की पानांचा क्रम बाहेर कळू शकतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी पोकरच्या बैठकींबद्दल आरोप ठेवले, त्यात हेच होतं: फेरफार केलेली यंत्रं पानं वाचतात, कोणाचा हात भारी ते बाहेरच्या साथीदाराला कळतं आणि तिथून ते टेबलावरच्या माणसापर्यंत पोचतं. आणि लबाडी नसतानाही यंत्र चुकू शकतं बरं का. एका यंत्रवाल्यांनीच डायकोनिसांना आपलं दहा फळ्यांचं यंत्र तपासायला बोलावलं होतं. २०१३ साली छापून आलेला निष्कर्ष असा की जाणत्या माणसाला त्यातून निघालेल्या गठ्ठ्यातली साडेनऊ पानं सरासरीने ओळखता येतात. नीट मिसळलेल्या गठ्ठ्यात साडेचार येतात. (हा निबंधही चिरंजीवांनीच पाठवला होता. शेवटपर्यंत वाचला नसावा.)

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. त्यात असंही मानलं की पिसलेल्या गठ्ठ्यात पानं कुठे पडली एवढा नशिबाचा भाग पत्ते पिसून वाटण्याच्या सगळ्याच खेळांत असतो, ब्रिजमध्येही. म्हणजे पिसणं सर्वांना सारखं लागू, हे गृहीतच. पुढे मोबाइलवर रमी आली. तिथे पिसणारा दिसेना, कापणारा नाही, आणि पोरं पगार घालवू लागली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला, त्यात रमीही गेली. मी तेव्हाही घरात हेच विचारत होतो, अरे, पिसलं कोणी?

इथवर वाचून अकोल्याची मंडळी म्हणतील, नाना, खरी गोष्ट टाळली. टाळत नाही.

मी यंत्र कपाटावर ठेव म्हणालो तेव्हा तो पोरगा हळूच म्हणाला, "आबांसाठी आणलं हो." आणि सगळे गप्प झाले. साडूंना, आमच्या भाऊंना, कंपवात आहे. मागच्या उन्हाळ्यात पिसताना त्यांच्या हातून कॅट सुटला, पानं पलंगाखाली गेली, आणि ते "मले आता नाही जमत बाप्पा" म्हणाले, ते या नातवाने ऐकलं होतं. त्यावर त्याने सहा महिने डोकं चालवलं. याची किंमत मला कळत नाही असं कोणी समजू नये. भाऊ स्वतःच म्हणाले, "राहू द्या ना, पोरानं एवढ्या हौसेनं आणलं." म्हणून एक डाव यंत्रावर झालाही. तो डाव आम्ही हरलो. भाऊ माझे भिडू, म्हणजे पिसायची पाळी आमची. समोरून नेहमीसारखं "पिसा आता!" आलं नाही. पोराने बटण दाबलं, घरघर झाली, आणि भाऊंनी दोन्ही हात शालीखाली घेतले. ते कोणी बघितलं का? मी बघितलं. भांडलो ते त्या हातांसाठी भांडलो.

कारण तो पुण्याला असताना इथे काय झालं ते त्याला ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात आम्ही आलो होतो तेव्हा मेहुणीने तोड काढली होती. सगळी पानं चादरीवर पालथी पसरायची आणि दोन्ही तळव्यांनी गोल गोल कालवायची, मग गोळा करायची. हात थरथरला तर बिघडत नाही, उलट पानं जास्त फिरतात! जुगारघरातले वाटपी नवा कॅट फोडला की आधी असंच करतात. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाही अशाच मिसळायच्या, कारण ती लाखेची रंगीत गोल पानं, दशावतारी गंजिफेची तर एकशे वीस, चिमटीने पिसायची कशी? (ती तुझ्या यंत्रात घालून बघ.) गोळा करायला वेळ लागतो, खरं आहे. चौघंही हात घालतात. त्या दोन मिनिटांत मागच्या डावाची उणीदुणी निघतात, कोणी हुकूम चुकीचा टाकला, कोणी दश्शी घालवली. डॉक्टरांनी हातांना व्यायाम सांगितलाच आहे. भाऊ पानं कालवतात आणि शेवटी समोर सरकवून मोठ्याने म्हणतात, "काप!"

मात्र भाऊंची खरी अडचण पिसण्याची नाहीच, पानं धरण्याची आहे. तेरा पानांचा पंखा त्यांच्या हातात राहत नाही. दोन पानं उघडी पडतात आणि समोरच्याला राजा दिसतो. त्यासाठी एक आडवी पट्टी हवी, तिला उभी खाच, खाचेत पानं तिरकी उभी राहतील अशी. लाकडाची चालेल, त्या प्रिंटरमधली प्लास्टिकचीही चालेल. त्या पट्टीवर कोणाचा हक्क जात नाही. हे मी ग्रुपवर न लिहिता त्याला वेगळं कळवलं. चार दिवस उत्तर नाही. मग काल मेहुणीचा फोन आला. नातवाने तिला विचारलं म्हणे, आपल्या कॅटचं पान किती लांब-रुंद आहे ते मोजून सांग. तिने फुटपट्टी घेतली. रुंदी साडेपाचच्या थोडी वर, लांबी नऊला थोडी कमी. भाऊ मागून ओरडत होते, "खाच उथळ नको म्हणाव, पानं पडतीन!"