नावातलं ‘अब्दुल’ आणि तारापूरचं गेट

गेल्या महिन्यात एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीनंतर त्याने आयटीआय केलं, फिटर झाला आणि आता चाकण एमआयडीसीत ठेकेदारीवर काम करतो. तारापूरच्या अणुवीज केंद्रात देखभालीच्या कामावर जायची संधी त्याला आली होती. पैसे बरे होते, अनुभवही पुढे उपयोगी पडला असता. ठेकेदाराने कागद मागितले: आधार, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पोलिस व्हेरिफिकेशन. आधारवर त्याच्या वडिलांच्या नावात ‘अब्दुल’ आहे, दाखल्यावर नाही. ठेकेदार म्हणाला, "तिथं असलं चालत नाही." दोन दिवसांत त्याच्या जागी दुसरा मुलगा गेला.

एवढं सांगून तो हळूच म्हणाला, "मॅडम, नाम तो आपनेच लिखा था ना?"

खरं होतं. त्या वर्षी आमच्या शाळेत कारकून नव्हता, आठवीच्या प्रवेशाच्या नोंदी आम्ही शिक्षकच करत होतो. जनरल रजिस्टरचा रकाना अरुंद, मागे पालकांची रांग. मी ‘अब्दुल’ गाळलं. उर्दू शिकवणाऱ्या बाईला हे शोभणारं नव्हतं. ‘अब्द’ म्हणजे बंदा, त्याच्यापुढे येतं ते अल्लाहचं नाव. ‘अब्दुल’ काढलं की माणसाचं नाव अर्धं होतं आणि अर्थ पूर्णच बदलतो.

म्हणून हा लेख रागाने नाही, थोड्या शरमेने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. अणुवीज केंद्राच्या गेटवर कडक तपासणी हवीच. तारापूरचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले, पुढचे दोन २००५ आणि २००६ मध्ये. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा तिथं पहारा असतो. आत किरणोत्सारी इंधन आहे, आसपास गावं आहेत, मच्छीमारांच्या वस्त्या आहेत. तिथं कोण आत गेला आणि कोण बाहेर आला, हे सरकारला माहीत असलंच पाहिजे. ‘आमच्यावर संशय घेतात’ म्हणून तपासणीच नको, असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण कार्डाकडून किती अपेक्षा ठेवायची? कार्ड फक्त ‘हा कोण’ एवढंच सांगतं. ‘हा कसा’ ते सांगत नाही. कारवारजवळच्या कैगा केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम मिसळलेलं आढळलं. पन्नासहून अधिक कामगारांच्या शरीरात ते गेलं. आतल्याच कुणाचं तरी हे काम असावं, असं तेव्हा अधिकाऱ्यांनीच सांगितलं. म्हणजे करणारा असलाच, तर तो पास दाखवून, रीतसर आत गेलेला. दुसरीकडे माझ्या विद्यार्थ्याचं नाव दोन कागदांवर सारखं नाही, एवढ्यावरून तो धोकादायक ठरत नाही. नाव जुळवणं वेगळं आणि माणूस पारखणं वेगळं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की निरपराध अडकतो आणि सुरक्षाही वाढत नाही.

आपल्या नावांची अडचण मुळात लिपीची आहे. उर्दूत ‘मुहम्मद’ लिहिताना मीम, हे, मीम, दाल एवढीच अक्षरं येतात. जबर, जेर, पेश सहसा लिहितच नाहीत, वाचणारा ते मनात धरतो. हेच नाव इंग्रजीत नेताना प्रत्येक कारकून आपल्या कानाप्रमाणे स्वर भरतो. ‘शेख’चंही तेच. एकाच घरात बापाचं स्पेलिंग एक, मुलाचं दुसरं. यात कपट नाही. पण संगणकाला जबर-जेर कळत नाहीत.

अमेरिकेतही असा कायदा आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००५ साली तिथं ‘रिअल आयडी’ कायदा झाला. सरकारी इमारती, देशांतर्गत विमानं आणि अणुवीज केंद्रं, या तीन ठिकाणच्या प्रवेशासाठी ठरावीक दर्जाचं ओळखपत्र त्याने सक्तीचं केलं. विमानतळांवर त्याची अंमलबजावणी मात्र ७ मे २०२५ पासून सुरू झाली. मुदत वाढत वाढत लोकांना कागद नीट करायला २० वर्षं मिळाली. माझ्या विद्यार्थ्याला दोन दिवसही मिळाले नाहीत.

मुख्य म्हणजे तो तारापूरच्या गेटपर्यंत पोहोचलाच नाही. तिथल्या अधिकाऱ्याने कदाचित प्रतिज्ञापत्र मागितलं असतं, कदाचित नाकारलंही असतं. पण त्याचा निकाल चाकणमध्येच, ठेकेदाराच्या टेबलावर लागला. वरचा नियम जितका कडक, तितका खालचा माणूस घाबरतो आणि कटकट नको म्हणून नावच वगळतो. अशा नकाराचा कागद कुणाला मिळत नाही, म्हणून तक्रारही करता येत नाही. माझी मागणी साधी आहे. कोणते कागद लागतात आणि नावात फरक असेल तर काय करायचं, हे लेखी असावं, सगळ्यांना सारखं असावं. नाकारलं तर कारण लेखी द्यावं आणि दुरुस्तीला मुदत द्यावी.

आता आपल्याकडची बाजू. पहिलं आधार २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. इतक्या वर्षांनंतरही आपण मुलांचे कागद एकमेकांशी ताडून पाहत नाही. मूल शाळेत आहे तोवर पालकांनी जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतः वाचावी. जन्मदाखला, आधार आणि रजिस्टर, तिन्हींत नाव अक्षर न् अक्षर एक आहे ना, हे दहावीचा फॉर्म भरण्याआधी पाहावं. शाळा सोडल्यावर मुख्याध्यापकही ती नोंद परस्पर बदलू शकत नाहीत, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आधारवरचं नावही आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आणि शिक्षकांनो, रकाना अरुंद असला तर अक्षर बारीक काढा, नाव तोडू नका.

त्या मुलासोबत मी शाळेत जाऊन आले. ही चूक प्रवेशाच्या वेळी माझ्या हातून झाली, असं लिहून सही करून दिलं आहे. अर्ज पुढे गेला आहे. तारापूरचं ते काम आता संपलं असेल. पण पुढच्या वेळी कुठल्याही गेटवर उभा राहील तेव्हा त्याच्या बापाचं नाव पूर्ण असावं, एवढं तरी मी त्याचं देणं लागते.