अंबरपेठचं पाणी मराठीत लिहू या

आपल्या ई-मासिकाचे मागचे अंक चाळा. मूसी नदी त्यात कुठे ना कुठे भेटतेच. कधी ती रडते, कधी आई होते, कधी नुसतीच मुक्यानं वाहते. त्या कवितांना माझा विरोध नाही. पण अंबरपेठेत राहणाऱ्या, नाक दाबून पूल ओलांडणाऱ्या माणसाला त्या पाण्यात नेमकं आहे काय, हे त्यातून कळत नाही. म्हणून माझी सूचना सरळ आहे. मंडळानं यंदा एक अहवाल काढावा. बारा पानांचा, मूसीच्या पाण्यावर, कुणालाही वाचता येईल असा.

‘हे साहित्य मंडळ आहे, प्रयोगशाळा नाही’ असं कुणी म्हणेलच. बरोबर आहे, प्रयोग आपण करायचेच नाहीत. ते झालेले आहेत. 2007 साली योआकिम लार्सन या स्वीडिश शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाटनचेरूच्या औषध कारखान्यांचं सांडपाणी जिथं शुद्ध केलं जातं, तिथून बाहेर पडणारं पाणी तपासलं. सुमारे 90 कारखान्यांचं पाणी तिथं येत होतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक, म्हणजे आपल्या घरात बोलतात ती ‘अँटिबायोटिक’ गोळी, एका लिटरमध्ये 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडलं. गोळी घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही एवढं नसतं!

31 मिलिग्रॅम म्हटलं की आपल्याला काही वाटत नाही. पण त्याच शोधनिबंधात आणखी एक हिशोब आहे. त्या केंद्रातून दिवसाला सुमारे 45 किलो सिप्रोफ्लॉक्सॅसिन वाहून जात होतं, आणि 90 लाख वस्तीच्या स्वीडनला तेवढं औषध पाच दिवस पुरलं असतं. आता कळलं ना? अहवाल लिहायचा म्हणजे हेच करायचं. आकडा तोच ठेवायचा, पण शेजारी असं काही मांडायचं की तो दिसला पाहिजे. भाषेचं काम आहे हे, आणि भाषेचं म्हणजे आपलं.

पाटनचेरू कुठं आणि अंबरपेठ कुठं, असं वाटेल. पण पुढच्या काही वर्षांत सुमारे 18 किलोमीटरची नळवाहिनी टाकून त्या केंद्रातलं पाणी शहराच्या गटारवाहिनीला जोडलं गेलं, आणि ती वाहिनी येते अंबरपेठच्या सांडपाणी केंद्रात. रोज 33 कोटी 90 लाख लिटर पाणी हाताळायची त्याची क्षमता. तिथून पाणी मूसीत, आणि मूसीकाठच्या शेतात गवत, भाजीपाला. अर्थात 2007 चा आकडा 2007 चाच म्हणून सांगायचा. तो आजचा म्हणून खपवला की अहवाल संपला आणि पत्रक सुरू झालं.

असलं लिखाण कसं करावं याचा एक चांगला नमुना अमेरिकेत आहे. तिथल्या परिसंस्थाशास्त्रज्ञांच्या संस्थेनं 1997 पासून ‘इश्यूज इन इकॉलॉजी’ नावाची पुस्तिकामाला चालवली. पहिली पुस्तिका नत्रचक्रावर होती. विषयाचा प्रस्ताव आधी मांडायचा, अनेक शास्त्रज्ञांनी मिळून लिहायचं, दुसऱ्यांनी तपासायचं, आणि भाषा मात्र सामान्य वाचकाची. मला त्यातलं ‘आधी प्रस्ताव’ फार आवडतं. आपल्याकडे आधी मुखपृष्ठ ठरतं.

उलटा अनुभव आपल्या मराठी मुलखाचा आहे. माधव गाडगीळ समितीनं पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये दिला. तो लोकांपुढे आला मे 2012 मध्ये, तोही माहिती अधिकार आणि न्यायालयापर्यंत गेल्यावर. कुठं काय चालावं हे ग्रामसभांशी बोलून ठरवा, असं ज्या अहवालाचं म्हणणं, तो जाडजूड इंग्रजीत! गावातल्या माणसानं मग ऐकीव गोष्टींवर मत बनवलं, तर त्याला दोष कसा द्यायचा?

खरी अडचण वेगळीच आहे. अंबरपेठेत मराठी वाचणारे किती? बहुतेकांची बोली तेलुगू नाहीतर उर्दू. मग मराठीत कशाला? माझं उत्तर असं, की आपल्याला नीट लिहिता येतं ते मराठीत. एकदा सोपं करून झालं की तेलुगू आणि उर्दू विभागांच्या मित्रांना सोबत घ्यायचं. शिवाय हे पाणी इतकं परकंही नाही. हैदराबादला पिण्याचं पाणी देणारी मांजरा बीड जिल्ह्यातल्या बालाघाटात उगम पावते आणि मूसी शेवटी मिळते कृष्णेला. बीड-लातूरकडून इथं शिकायला आलेल्यांनी तरी ‘आमचा काय संबंध’ म्हणू नये.

शब्दांवर भांडणं होणार, होऊ देत. ‘परिसंस्था’ ठेवू, त्याला पर्याय नाही. ‘मलनिःसारण’ मात्र नको, ‘सांडपाणी’ पुरे. शास्त्राची बाजू तपासायला सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या सरांना आणि मॅडमना विनंती करू, आणि भाषा तपासायला विज्ञान न शिकलेल्या कुणाला तरी. हा दुसरा तपासनीस जास्त कडक हवा. त्याला कळलं नाही ते पान परत लिहायचं.

येत्या बैठकीत मी एका पानाचा प्रस्ताव मांडते आहे: प्रश्न कोणता, वाचक कोण, आकडे कुठले, तपासणार कोण. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर जरूर यावं.