घोड्याच्या पायांनी केलेले दान

घोड्यावर बसून गावाकडच्या वाटांनी दहा-पंधरा किलोमीटरची रपेट करायची, त्यासाठी नातेवाईक, मित्र आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांकडून देणगीचे वचन घ्यायचे आणि जमलेली रक्कम एखाद्या चांगल्या कामाला द्यायची, ही प्रथा ब्रिटनच्या ग्रामीण भागात चांगली रुजली आहे. तिथे शर्यत नसते, घड्याळ लावलेले नसते. जुन्या चर्चच्या डागडुजीपासून अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहांपर्यंत अनेक कामांना अशा रपेटींतून पैसा मिळतो. पुण्याला रस्त्यावर उतरून धावण्याची सवय जुनी आहे. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची. सामाजिक कामासाठीच्या दौडी आणि सायकल फेऱ्याही आता नित्याच्या झाल्या आहेत. शहराभोवती घोडेस्वारी शिकवणारे क्लब आहेत आणि मुलांना तिथे घालणारे पालकही आहेत. मग देणगीची रपेट पुण्यात यावी का? माझ्या मते जरूर यावी. मात्र एक फरक विसरता येणार नाही. मॅरेथॉनमध्ये धावणारा स्वतःचे श्रम दान करतो. रपेटीत श्रम घोड्याचे असतात आणि वाट गावाची असते. या दोघांचे देणे आधी चुकते करावे आणि मग जे उरेल त्यालाच दान म्हणावे.

पुणे आणि घोडा यांचे नाते केवळ पेशवाईच्या आठवणींपुरते नाही. कॅम्पातल्या रेसकोर्सवर आजही पावसाळ्यात शर्यतींचा हंगाम भरतो. १९६६ साली सायरस पूनावाला यांनी सिरम इन्स्टिट्यूट सुरू केली, तेव्हा त्यांच्या घराण्याचा व्यवसाय घोड्यांच्या पैदाशीचा होता, आणि संस्थेच्या पहिल्या उत्पादनांतले धनुर्वातावरचे प्रतिविष घोड्याच्याच रक्तद्रवातून तयार होई. सर्पदंशावरचे औषधही आपल्याकडे घोड्याच्या रक्तातूनच बनते. शेतात साप चावलेला माणूस वाचतो तो एका अर्थी घोड्याच्या उपकाराने. आणि याच जिल्ह्याच्या पूर्व भागात, भीमेच्या खोऱ्यात, भीमथडी घोडा घडला. मराठ्यांच्या घोडदळाचा हा बुटका, काटक, कमी चंदीवर निभावून नेणारा घोडा आज मुख्यतः मेंढपाळ धनगरांच्या वाड्यावर टिकून आहे. चराईच्या वाटेवर त्यांचे बिऱ्हाड तो पाठीवर वाहतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. पण नोंदीने जात टिकत नाही, तिला काम आणि मोल लागते. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातली घोडे-तट्टांची संख्या सुमारे सव्वासहा लाखांवरून साडेतीन लाखांच्याही खाली आली. जवळपास निम्मी घट झाली आणि तिची कुठे हाकाटीही झाली नाही.

घोडा घेऊन मुलखातून जाताना कशाची काळजी घ्यायची, हे महाराष्ट्राला परदेशातून शिकण्याची गरज नाही. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र सर्वांना ठाऊक आहे. त्याचा उल्लेख बहुधा रयतेवरच्या मायेचा दाखला म्हणून होतो, आणि ते खरेच आहे. पण त्या पत्रातला हिशोब दुहेरी आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण आत्ताच मनमानीने उधळली, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्या माथी येईल, ही ताकीद त्यात आहे. वैरण संपली म्हणून शेतकऱ्याच्या घरात शिराल, तर ज्यांच्यासाठी लढता तेच तुम्हाला शत्रू मानतील, ही दुसरी. घोड्याचे पोट आणि रयतेचे शेत या दोन गोष्टी तिथे एकमेकींत गुंतलेल्या आहेत. आज पुरंदर, भोर, मुळशीच्या वाटांनी हौसेने घोडे न्यायचे असतील, तर हेच दोन हिशोब आपल्यालाही द्यावे लागतील.

पहिला हिशोब घोड्याचा. साधारणपणे घोड्याने खोगिरासह आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतका भार पेलावा असे मानले जाते. म्हणजे चारशे किलोच्या घोड्यावर ऐंशी आणि अडीचशे किलोच्या तट्टावर पन्नास किलो. याचा सरळ अर्थ असा की भीमथडीवर मुलांनी आणि हलक्या अंगाच्या स्वारांनीच बसावे. इतरांनी मोठा घोडा घ्यावा, नाहीतर लगाम धरून पायी चालावे. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला घोडा दगडगोट्यांच्या वाटेवर आणायचा असेल तर त्याला महिनोन् महिने सवय करावी लागते आणि चांगला नालबंद गाठावा लागतो. दीर्घ पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्य घोड्याची नाडी मोजतात. ठरलेल्या वेळात ती मिनिटाला ६४ ठोक्यांवर आली नाही, तर घोडा तिथेच थांबवला जातो. कॅलिफोर्नियात १९५५ पासून चाललेल्या शंभर मैलांच्या टेव्हिस कप रपेटीत वेगाइतकाच मान दुसऱ्या एका बक्षिसाचा आहे: पहिल्या दहांत आलेल्यांपैकी ज्याची प्रकृती सर्वांत उत्तम राहिली, त्या घोड्याला ते मिळते. उलट, वेग आणि पैसा हेच सर्वस्व झाले तेव्हा घोडे मेले आणि जायबंदी झाले. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला निलंबित केले, ते याच तक्रारींमुळे. खेळ एकच, पण गौरव कशाचा केला यावर घोड्याचे नशीब ठरले. म्हणून देणगीची रपेट किलोमीटरवर मोजूच नये. देणगीचे वचन आधी घ्यावे आणि पशुवैद्याने घोडा अर्ध्या वाटेत थांबवला तरी पूर्ण रक्कम द्यावी. एवढी एक अट घातली की थकलेल्या घोड्याला टाच मारण्याचे कारणच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप प्राणीप्रेमींचा येईल, आणि तो पोकळ नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचे श्रम परस्पर दान करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मुंबईतल्या हौशी व्हिक्टोरिया गाड्या बंद करायला सांगितल्या, तेव्हा डांबरी रस्त्यांवर आणि कोंदट तबेल्यांत झिजणारे घोडेच समोर होते. पण त्या निकालाचा धडा घोड्याला माणसापासून तोडण्याचा आहे, असे मला वाटत नाही. घोडा चालण्यासाठी घडलेला प्राणी आहे. दिवसभर ठाणबंद ठेवलेल्या आणि नुसत्या दाण्यावर पोसलेल्या घोड्याला पोटशूळ आणि खुरांचे विकार लवकर गाठतात. सकाळच्या गारव्यात, मऊ मातीवरून, चालीने आणि दुडकीने केलेली दहा-पंधरा किलोमीटरची वाट तयारीच्या घोड्याला जाच ठरत नाही. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत: दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन काम नकोच. हौसेच्या रपेटीने यापेक्षा कितीतरी कडक नियम स्वतःला लावून घ्यावेत. खरी क्रूरता पाहायची तर लग्नसराईत पुण्याच्या कोणत्याही रस्त्यावर दिसते. डीजेच्या भिंतीपुढे, फटाक्यांच्या धुरात तासन् तास उभी असलेली नवरदेवाची घोडी आपण रोज पाहतो आणि पुढे जातो. घोडा म्हणजे काय, त्याला कान असतात, भीती असते, हे ज्याला खोगिरावर बसून कळले आहे, असा माणूस त्या वरातीत निदान आवाज कमी करायला सांगेल.

दुसरा हिशोब गावाचा. शहराला पुण्याबाहेरचे माळ रिकामे वाटतात, पण ते रिकामे नाहीत. इंदापूर-बारामतीच्या गवताळ माळांवर लांडगे आणि खोकड राहतात, मेंढरे चरतात, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंडी घालतात. पश्चिमेकडच्या सड्यांवर पावसाळ्यात फुलणारी इवली रोपे एका टापेखाली चिरडतात. रपेट ठरलेल्या गाडीवाटांनीच जावी आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत होऊ नये. ग्रामपंचायतीची संमती आधी घ्यावी, आणि पिकाचे नुकसान झालेच तर भरपाई त्याच दिवशी द्यावी. घोड्यांच्या आरोग्याचे दाखलेही कटाक्षाने तपासावेत. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो. २००६ मध्ये तो महाराष्ट्रात फैलावला होता. बाहेरून आलेल्या एका रोगी जनावरामुळे धनगराच्या वाड्यावरचा घोडा गेला, तर त्या दिवशी कितीही लाख जमले तरी त्याला पुण्य म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा की हा श्रीमंतांचा खेळ आहे. पैसेच द्यायचे तर धनादेश लिहावा, घोडे कशाला नाचवावेत? घोडेस्वारी महाग आहे हे खरे. पण मराठी लष्करात स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार होता, तसा सरकारी घोड्यावर बसणारा बारगीरही होता. ज्याची ऐपत नाही त्यालाही खोगीर मिळावे, ही व्यवस्था आपल्या परंपरेतच आहे. आयोजकांनी दर काही सशुल्क जागांमागे एक जागा पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलासाठी ठेवावी. तबेल्यात पहाटेपासून खरारा करणाऱ्या मोतद्दाराला त्या दिवसाची रास्त मजुरी मिळावी. धनादेशाबद्दल म्हणायचे तर, ज्याला स्वतःहून द्यायचे आहे त्याने तो अवश्य द्यावा. पण अशा उपक्रमांतली मोठी रक्कम अनेकदा लहान देणग्यांतून उभी राहते, आणि कोणीतरी दारात येऊन मागितल्याशिवाय त्या निघत नाहीत. गणेश मंडळांच्या पुण्याला हे वेगळे सांगायला नको. मंडळे धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेऊन वर्गणी गोळा करतात, तशीच शिस्त इथेही हवी. जमा, खर्च आणि शिल्लक महिन्याभरात जाहीर झाली पाहिजे.

राहिला प्रश्न निधी कोणाला द्यायचा. शाळा, रुग्णालये, वृद्धाश्रम यांची गरज कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही पहिली काही वर्षे घोड्याच्या पाठीवर जमलेला पैसा घोड्याकडे आणि त्याला सांभाळणाऱ्याकडे जावा, असे माझे मत आहे. मेंढपाळांच्या भीमथडी घोड्यांसाठी लसीकरण, दातांची आणि खुरांची तपासणी आणि नालबंदीची फिरती शिबिरे यांवर तो खर्च व्हावा. पुण्याहून फार लांब नसलेल्या शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना रपेटीच्या तपासणी नाक्यांवर आणि या शिबिरांत काम मिळाले, तर घोड्यांवर उपचार करण्याचा दुर्मीळ होत चाललेला अनुभव त्यांना मिळेल. ज्या मेंढपाळाचा घोडा तंदुरुस्त राहील आणि रपेटीसाठी भाड्याने घेतला जाईल, त्याला तो विकून टाकण्याची घाई उरणार नाही. तेव्हा पुण्यातल्या एखाद्या क्लबने हा विचार मनावर घ्यावा, पण जाहिरातीच्या फलकाआधी तीन कागद तयार ठेवावेत: पशुवैद्याला रपेट थांबवण्याचा अंतिम अधिकार देणारा, ग्रामपंचायतीच्या संमतीचा आणि पैशाच्या हिशोबाचा. हे तीन कागद ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या रपेटीला पुणेकरांनी एक रुपयाही देऊ नये. ज्याच्याकडे आहेत, त्याला हात आखडता न घेता द्यावे.