मुलाच्या घासाला उत्पन्नाची अट कशासाठी?

प्रारंभीच एक कबुली देतो. सन 2012 च्या सुमारास मी एका शाळेत शिक्षक होतो आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेण्याचे काम माझ्याकडे होते. चौथीतल्या एका मुलाची आई अर्ज घेऊन आली. नवरा वारलेला, ती दोन घरी स्वयंपाक करून महिन्याला साडेनऊ हजार रुपये मिळवीत असे. योजनेची अट अशी की, पालकाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या वर असू नये. तिचे भरत होते 1,14,000. मीच तिला म्हणालो, "बाई, नव्वद हजार लिहा. खरं लिहिलंत तर अर्ज बाद होईल." ती क्षणभर थांबली. "सर, हे खोटं नाही का होत?" एवढे विचारून तिने सही केली. त्या मुलाला मिळायचे होते महिना 100 रुपये, तेही वर्षातले दहा महिने. हजार रुपयांसाठी एका विधवेला मी आठवी आज्ञा मोडायला लावली, आणि तिचा मुलगा शेजारी उभा राहून ते ऐकत होता.

मुलांसाठी शासनाने जे द्यायचे ते सर्व मुलांना द्यावे, की घरचे उत्पन्न पाहून द्यावे, हा वाद जुना आहे. आपल्यातील पुष्कळ सज्जन दुसऱ्या बाजूचे असतात. डॉक्टरांच्या मुलाला सरकारी पैसा कशाला, तो मजुराच्या मुलाला द्या, असे ते म्हणतात. हे बोलणे न्यायाचे वाटते. मलाही अनेक वर्षे तसेच वाटे. आज मात्र मला वाटते की, बालकांच्या बाबतीत उत्पन्नाची अट गरिबाच्या हिताची दिसते आणि प्रत्यक्षात गरिबालाच दाराबाहेर ठेवते.

ही अट व्यवहारात कशी चालते ते पाहा. एक लाखाची मर्यादा म्हणजे दिवसाला सुमारे 274 रुपये. पाच माणसांच्या घरात माणशी पंचावन्न रुपयेही होत नाहीत. हा आकडा 2008 साली, योजना सुरू झाली तेव्हा ठरला. पुढे तेलाचे, तांदळाचे, वह्यापुस्तकांचे भाव वाढत गेले. आकडा होता तेथेच राहिला. महाराष्ट्रात केशरी शिधापत्रिकेची वरची मर्यादाही वर्षाला एक लाखच आहे आणि 2023 साली जाहीर झालेली 'लेक लाडकी' योजना पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवरच उभी आहे. अशा मर्यादेत प्रामाणिकपणे बसणारे घर शोधून काढावे लागेल. बाकीच्यांसमोर दोनच वाटा उरतात: खोटे लिहिणे किंवा मुलाचा हक्क सोडणे. ज्याला कचेरीचे कायदे ठाऊक आहेत, ज्याची तलाठ्याशी ओळख आहे, तो पहिल्या वाटेने सुखरूप जातो. आदिवासी पाड्यावरची अडाणी आई, दिवसाचा रोज बुडवून तीन खेपा घालणारा मजूर, सत्य सांगणारी भाबडी विधवा हे मागे राहतात. चाळणी गरिबासाठी केली असे आपण म्हणतो आणि नेमका गरीबच तिच्यातून खाली गळतो.

अटीचे समर्थक म्हणतील, मर्यादा वाढवा, तपासणी सुधारा. मर्यादा अवश्य वाढवावी. पण रेषा कोठेही ओढली तरी तिच्या दोन्ही बाजूंना चुका होणारच. एक चूक अशी की, ज्याला गरज नाही त्यालाही मिळते. दुसरी अशी की, ज्याला गरज आहे त्यालाच मिळत नाही. या दोन चुका एका तागडीत तोलता येत नाहीत. पहिलीत तिजोरीचे थोडे पैसे जातात आणि ते करातून परत घेता येतात. दुसरीत बालकाचे दिवस जातात. चार वर्षांचे मूल उपाशी राहिले, तर त्याचे चौथे वर्ष कोणत्याही पुरवणी अर्जाने परत मिळत नाही.

शिवाय, श्रीमंताच्या मुलाला सरकार काही देत नाही हा समजही खरा नाही. 1961 च्या आयकर कायद्यातील 80सी कलमाने दोन मुलांच्या शिक्षणशुल्कावर वजावट दिली. तीस टक्क्यांच्या पट्ट्यातील पालकाने त्या कलमाखाली एक लाखाचे शुल्क दाखविले, तर त्याचे सुमारे तीस हजार रुपये वाचत. त्यासाठी त्याला ना दारिद्र्याचा दाखला लागला, ना रांगेत उभे राहावे लागले. माझ्या त्या विद्यार्थ्याला वर्षाला हजार रुपये आणि त्यासाठी आईची खोटी सही. वरच्या थरातल्या मुलाला त्याच्या तीसपट आणि त्याचे नाव 'सवलत'! मग सर्वांना सारखे दिले तर श्रीमंतांचे लाड होतील, हे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

अट नसली तर काय घडते, हेही आपल्याच देशात दिसले आहे. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला शिजवलेले अन्न द्यावे, असा आदेश दिला. ताट वाढताना बापाचा पगार विचारायचा नाही. ज्या घरची मुले घरून डबा आणतात ती आणोत. पण पंगतीत कोण 'गरिबांचा' म्हणून ओळखू येत नाही. याउलट गणवेशाचे पाहा. आपल्या जिल्हा परिषद शाळांतून वर्षानुवर्षे सर्व मुलींना, आणि मुलांपैकी अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलांनाच मोफत गणवेश मिळे. एकाच बाकावर एकाला नवा सदरा आणि रेषेच्या जराशा वर असलेल्या त्याच्या सोबत्याला थोरल्या भावाचा विटका. ही अट 2023 मध्ये शासनाने काढून टाकली. जे शहाणपण सदऱ्याच्या बाबतीत सुचले ते बाकी ठिकाणी का सुचू नये?

इंग्लंडचा अनुभवही बोधप्रद आहे. तेथे एलिनॉर रॅथबोन या बाईंनी पाव शतकाहून अधिक काळ झगडून कुटुंबभत्त्याचा कायदा 1945 साली मंजूर करून घेतला, आणि तो पैसा आईच्या हाती पडावा हेही भांडून मिळविले. पहिला भत्ता वाटला गेला तो 1946 च्या ऑगस्टमध्ये. त्याच वर्षीच्या जानेवारीत बाई निवर्तल्या होत्या. पहिले मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग, घर कोणतेही असो. पुढे पहिल्या मुलालाही तो मिळू लागला. मग 2013 साली उत्पन्नाची अट मागच्या दाराने आली. घरातील एकाची मिळकत 50,000 पौंडांवर गेली की भत्ता कराच्या रूपाने परत घ्यायला सुरुवात, आणि 60,000 वर सगळाच परत. परिणाम असा की, एकटा बाप 60,000 मिळवतो आणि आई मुले सांभाळते त्या घराला शून्य; दोघे मिळून 98,000 मिळवतात, पण प्रत्येकी 49,000, त्या घराला पूर्ण भत्ता! 2024 साली या मर्यादा 60,000 आणि 80,000 केल्या गेल्या, पण हिशेब एकाच माणसाच्या मिळकतीवरच राहिला. सुशिक्षित, संगणकीकृत देशाची ही गत, तर आपल्या तलाठी कचेरीकडून सूक्ष्म न्यायाची अपेक्षा कशी करावी?

आक्षेपातील एक भाग मात्र मी मान्य करतो. तिजोरी अमर्याद नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शुल्काइतकी मोठी रक्कम द्यायची असेल, तर उत्पन्न पाहावेच लागेल. परंतु दूध, जेवण, गणवेश, बालपणाचा छोटासा भत्ता यांना ती अट नको. श्रीमंताकडून जे परत घ्यायचे ते संपूर्ण घराचा विचार करून, वर्षातून एकदा, करातून घ्यावे. झडती मोठ्या माणसाच्या खिशाची व्हावी, मुलाच्या ताटाची नव्हे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जे केवळ गरिबांसाठी असते त्याच्या बाजूने बोलणारा आवाजही क्षीण असतो. ती मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती 2022 साली नववी-दहावीपुरती आखडली गेली, तेव्हा आपल्या किती धर्मग्रामांत त्याची चर्चा झाली? ज्या ताटात आपले मूल जेवत नाही त्यात मीठ कमी पडले, हे आपल्याला कळतच नाही.

ख्रिस्तसभेने या विषयात मौन पाळलेले नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या 'लाबोरेम एक्झर्चेन्स' या परिपत्रकात कुटुंबाला पुरेल अशा वेतनाचा आग्रह धरताना कुटुंबभत्त्यांचाही उल्लेख केला आहे. भत्त्याला उत्पन्नाची अट असावी की नसावी, याचा निवाडा ते परिपत्रक करीत नाही. तो आपल्यालाच विवेकाने करावा लागेल. मात्र पाच भाकरी वाटल्या गेल्या तेव्हा गवतावर बसलेल्यांपैकी कोणाला घरी जेवण परवडते, हे शिष्यांनी विचारले नाही. त्यांनी मोजल्या त्या उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या.

शासनाला उपदेश करण्यापूर्वी आपले अंगणही झाडू या. धर्मशिक्षणाच्या वर्गाची सहल निघते तेव्हा "ज्यांना पैसे देणे जमणार नाही त्यांनी हात वर करा" असे म्हटले जाते. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या पोशाखासाठी मदत हवी असलेल्यांची नावे वर्गात वाचली जातात. हे आपण या वर्षापासून थांबवू शकतो. सहलीचा खर्च सर्वांसाठी एकत्र उचलावा. ज्यांना शक्य आहे त्यांनी दानपेटीत अधिक टाकावे, नाव न लिहिता. आणि निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार दारी आले की, गटार आणि रस्त्यासोबत हाही प्रश्न विचारावा: मुलांच्या योजनांवरील उत्पन्नाची अट तुम्ही काढणार काय?

ती बाई आता कोठे असते मला ठाऊक नाही. तिचा मुलगा आता पंचविशीच्या आसपास असेल. शिष्यवृत्तीचे हजार रुपये त्याला आठवत नसतील. आईने काय विचारले आणि शिक्षकाने काय उत्तर दिले, ते बहुधा आठवत असेल.