तळ्याकाठचं चर्च आणि लपलेला किल्ला

मुलांनो, डोंबिवलीहून लोकल पकडून ठाण्याला तुम्ही कितीदा तरी गेला असाल. मावशीकडे, नाहीतर दिवाळीच्या खरेदीला. या सुट्टीत मात्र स्टेशनबाहेर रिक्षा करू नका. तलावपाळीपर्यंत चालत जा.

मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वराचं देऊळ आहे आणि सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चसुद्धा. हे चर्च पोर्तुगीज अमलातलं, फ्रान्सिस्कन साधूंचं. विचारून आत जा आणि प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसा, बरं का!

"आणि बाई, किल्ला कुठाय?" माझ्या चौथीच्या मुलांनी विचारलं होतं. अरे, समोरच तर आहे! पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधायला घेतला. पुरा व्हायच्या आतच, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला. १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग केला. तेच हे ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. आत जाता येत नाही, म्हणून किल्ला कुणाच्या लक्षातच येत नाही.

याच भिंतींच्या आत १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर अनंतनं गोळ्या झाडल्या होत्या. तेव्हा अनंत होता अवघा अठरा वर्षांचा.

"म्हणजे माझ्या दादाएवढा?" एकीनं हळूच विचारलं.

"हो."

परतताना तलावपाळीच्या भेळेची आठवण कुणीच काढली नाही. शेवटी मीच काढली.