जुन्या वाद्यास हात लावावा काय?

जुने वाद्य दुरुस्तीस काढले की त्याच्याभोवती दोन पक्ष उभे राहतात. एकाचे म्हणणे असे की, कारखान्यातून निघाले तसेच ते राहावे. एक स्क्रूही बदलू नये. दुसऱ्याचे म्हणणे असे की, वाद्य वाजवण्यासाठी असते, काचेच्या कपाटासाठी नसते. तेव्हा लागेल तेथे खुशाल करवत चालवावी. धातूच्या दांडीच्या जुन्या पेडल स्टील गिटारवरून अमेरिकेतील वादकांत हा वाद बरीच वर्षे चालू आहे. आमच्या मते दोन्ही पक्षांनी रेघ चुकीच्या जागी ओढली आहे. बदल केल्यावर मागे येण्याची वाट शिल्लक राहते काय, एवढेच पाहावे. ही कसोटी लावली की निकाल अनेकदा अपेक्षेच्या उलट लागतो.

हे वाद्य आपल्याकडे क्वचितच दिसते, पण त्याच्या आईचा आवाज आपल्या कानांत आहे. पन्नास-साठच्या दशकांत व्हॅन शिपले, हजारा सिंग यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या चाली जिच्यावर वाजवल्या, ती आडवी ठेवून पोलादी बार सरकवत वाजवायची हवाईयन गिटार म्हणजे ही आई. तिच्यात एक मूळची अडचण आहे. बार सरकला की त्याखालच्या सगळ्या तारा एकदमच चढतात किंवा उतरतात. पेडल स्टीलने ही अडचण यंत्राने सोडवली. चार पायांवर उभ्या असलेल्या या वाद्याच्या पोटात सळया आणि तरफा असतात. पेडल दाबले की सळई ओढली जाते आणि नेमक्या एका-दोन तारांचा ताण बदलतो. ई, जी शार्प आणि बी हे स्वर वाजत असताना पहिली दोन पेडले दाबली, तर ई जागचा हलत नाही, जी शार्प अर्ध्या स्वराने चढून ए होतो आणि बी पूर्ण स्वराने चढून सी शार्प होतो. एक तार स्थिर आणि दोन तारा मींड घेत नव्या स्वरसंगतीवर येऊन थांबतात. मींडेवर वाढलेल्या आपल्या कानांना यातली गोडी वेगळी सांगावी लागू नये.

आता या वाद्याचा इतिहास पाहावा. तो आरंभापासून फेरफारांचाच इतिहास आहे. 1948 साली पॉल बिग्सबी यांनी स्पीडी वेस्ट यांच्यासाठी पेडलांची गिटार बनवली. तोवर पेडलांचा मुख्य उपयोग एका ट्यूनिंगवरून दुसऱ्यावर जाण्यापुरता होता. 1954 साली वेब पिअर्स यांचे ‘स्लोली’ गाजले. त्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबले आणि वाद्याचा स्वभावच पालटला. ते गाणे ऐकून कितीतरी वादकांनी आपापल्या गिटारींना मिळेल त्या सामानातून पेडले जोडली. आयझॅक्स यांचे एकच पेडल दोन तारा एकदम चढवीत असे. बडी एमन्स यांनी ते काम दोन पेडलांत वाटून दिले. पुढे गुडघ्याने हलवायच्या तरफा आल्या. आज रूढ झालेली मांडणी अशा फेरफारांच्या थरांतून घडली आहे. ‘मूळ स्थिती’चा आग्रह धरणाऱ्यांस आमचा प्रश्न असा की, यांतील कोणता थर मूळ मानावा?

राहिली धातूची दांडी. 1932 साली बाजारात आलेल्या रिकनबॅकरच्या ‘फ्राइंग पॅन’ गिटारचे अंग आणि दांडी अ‍ॅल्युमिनियमचे एकसंध ओतकाम होते. रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने ती बेसूर होई. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. तरीही या धातूचा स्वच्छ, तेजस्वी आवाज वादकांना आवडत राहिला. पुढे एमन्स कंपनीनेही आपल्या वाद्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या बसवल्या. अशा वाद्याच्या मालकास कधीतरी लाकडी दांडीच्या उबदार आवाजाचा मोह होतो आणि जाणकार लगेच ओरडतात. आम्हांस हा आरडाओरडा अस्थानी वाटतो. या वाद्यात तार दांडीवर दाबली जातच नाही. बार वरच्या वर फिरतो. शिवाय पुष्कळ वाद्यांत ही दांडी लाकडी अंगावर स्क्रूंनी बसवलेली असते. काढली, जपून ठेवली, तर उद्या जशीच्या तशी परत बसते. हीच दांडी घासून-पुसून चकचकीत करणारा मात्र तिच्यावरील झिलई कायमची घालवतो, आणि त्याचे कौतुक होते!

खरी हानी बहुधा वाद्याच्या पोटात होते, जेथे पाहणाऱ्याची नजर जात नाही. एमन्सच्या जुन्या ‘पुश-पुल’ यंत्रणेत तार चढवण्यासाठी सळई ओढली जाते आणि उतरवण्यासाठी ढकलली जाते. ती जुळवणे किचकट, म्हणून काहीजण ती उपटून सगळ्या सळया ओढणारी नवी यंत्रणा बसवतात. त्यासाठी अंग कोरावे लागले, की ते वाद्य परत येत नाही. ज्या जोडणीमुळे जाणकार त्या आवाजाची ओढ धरतात, तीच आपण फेकून दिलेली असते. असे करू पाहणाऱ्याने सरळ नवे वाद्य घ्यावे.

याउलट, एक-दोनच तरफा असलेल्या जुन्या गिटारला आणखी तरफा जोडणे आम्ही गैर मानत नाही. ई स्वर अर्ध्याने चढवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या तरफांवाचून पुढच्या काळातील बरेचसे संगीत वाजवता येत नाही. आणि जे वाजवता येत नाही ते वाद्य हळूहळू माळ्यावर जाते. गंज आणि कसर यांनी कोणत्याही सुताराहून अधिक वाद्ये मारली आहेत. खालच्या बाजूस चार बारीक स्क्रूंची भोके पडली, तर ती किंमत आम्हांस परवडण्याजोगी वाटते. पुढच्या फळीत आरपार खाच पाडणे परवडण्याजोगे नाही.

कोणी म्हणेल, वाद्य माझे, पैसे माझे, तुम्ही कोण? कायद्याने हे बरोबर आहे. परंतु ही वाद्ये थोड्या हातांनी, थोड्या संख्येत घडवली. बिग्सबी 1968 साली गेले, बडी एमन्स 2015 साली. त्यांचा विचार आज त्या सळयांच्या जोडणीत वाचता येतो, आणि ते वाद्य आज ज्याच्याकडे आहे त्याच्यानंतरही कोणाच्या तरी हाती जाणार आहे. म्हणून आमची मागणी मोठी नाही. काढलेला प्रत्येक भाग डब्यात घालून वाद्याबरोबर ठेवावा आणि काय बदलले, कधी बदलले, हे एका कागदावर लिहून तो कागद वाद्याच्या पेटीत टाकावा. एवढे करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवावा.